एकवीस नग आणि एक दयाळ

दात घासताना माणसानं खाली बघावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. पंच्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये एका सकाळी मी वर बघितलं, आणि तिथून जे सुरू झालं ते वनखात्याच्या रजिस्टरात जाऊन थांबलं. (तिथेही नीटसं थांबलं नाही, पण ते शेवटी सांगतो.)

वर, म्हणजे आमच्या परसातल्या बांबूच्या कुंपणावर, एक दयाळ बसला होता. काळा कोट, पांढरी विजार, शेपूट वर, छाती पुढे. मंडपात उभ्या केलेल्या नवरदेवाची जी ऐट असते तीच. त्यानं माझ्याकडे बघून एक लांबलचक शीळ घातली. कोसमघाटला बदली होऊन मला आठ वर्षं झाली होती, पण माझ्याकडे बघून कोणी आनंदानं आवाज काढल्याची ही पहिलीच वेळ. तोंडात फेस, हातात तांब्या, अशा अवस्थेत मी ठरवून टाकलं, की याचा एक फोटो काढायचा. फक्त एक.

कोसमघाट म्हणजे एटापल्लीच्या अलीकडचं गाव. चारी बाजूंनी सागाचं जंगल आणि मधोमध आमची सरकारी कचेरी. तिथं मी आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदाची पोच घ्यायची, आणि पोच नसेल तर तो कागद गेलाच नाही असं समजायचं. हा नियम मी घरीही पाळतो. (सत्यशीलेला, म्हणजे माझ्या बायकोला, एकदा मी दळणाची पोच मागितली होती. त्यानंतर दळण मीच नेतो.)

फोटो काढायला कॅमेरा हवा. त्याच आठवड्यात आमचे ओव्हरसियर बदली होऊन चालले होते आणि त्यांना त्यांचा डबा-कॅमेरा विकायचा होता. मी तो घेतला. आता इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या पैशात लटारू सुताराला बोलावून दिवाण करून घ्यायचा होता.

या दिवाणाचा इतिहास असा. आमच्याकडे मुलगी दिली म्हणजे तिच्याबरोबर सागवानी दिवाण दिलाच. नऊ वर्षांपूर्वी माझ्या लग्नात मी सासऱ्यांना बाणेदारपणे सांगितलं होतं, ‘दिवाण नको. दिवाण मी करीन.’ मांडवात टाळ्या पडल्या होत्या. पुढं तीन वर्षांनी मी डेपोतून रीतसर पावती फाडून सागाच्या आठ फळ्या आणल्या. प्रत्येक फळीवर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का. संबंध कोसमघाटात पावतीचं लाकूड असलेला मी एकटाच, आणि लोक मला त्याबद्दल हसत. त्या आठ फळ्या सहा वर्षं माळ्यावर पडून होत्या. आम्ही खाली चटईवर.

मी कॅमेरा दाखवला तेव्हा सत्यशीला भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही.

“कायचा होय हा डबा?”

“कॅमेरा. दयाळाचा फोटो काढायचाय.”

“त्या पाखराले बसाले कुंपण आहे,” ती म्हणाली. “मले बसाले काय आहे?”

 त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. म्हणजे ‘जेवण झालं’ एवढं ती भिंतीला सांगे आणि मी भिंतीलाच ‘हो’ म्हणे.

दयाळाची एक सवय मला लवकरच कळली. त्याला लाकडाच्या ढिगावर बसायला फार आवडतं, कारण तिथं किडे मिळतात. आणि लाकडाचे ढीग कोसमघाटात घरोघरी होते. कोणाच्या परसात पऱ्हाटीच्या (कापसाच्या) काड्यांखाली, कोणाच्या गोठ्यात कडब्याआड, कोणाच्या न्हाणीमागे. सगळा साग, आणि शिक्का एकावरही नाही. हे लाकूड कुठून येतं, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी कुठून येतं असं कोण विचारतो?

मीही विचारलं नाही. मला पक्ष्याशी मतलब. रोज सकाळी मी गळ्यात कॅमेरा आणि हातात वही घेऊन दयाळाच्या मागं गल्लीभर फिरू लागलो. या कुंपणावरून डोकावायचं, त्या भिंतीवर चढायचं. आणि कारकून असल्यामुळं नोंद करायची. ‘६.४०. मुखरू यांचे परस. लाकडावर एक.’ ‘६.५५. रुखमाबाई यांची न्हाणी. मागील लाकडावर दोन.’ एक म्हणजे नर आणि दोन म्हणजे जोडी, हे मला माहीत होतं. वहीत लिहिलं नव्हतं.

मुखरूभाऊ आमचे उजवीकडचे शेजारी, शाळेत शिपाई. त्यांची पोरगी रंभा. तिचं लग्न मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठरलं होतं. रुखमाबाई डावीकडच्या. एकट्या, तोंडानं तिखट, आणि त्यांची एक बोकी होती जिच्या नजरेवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

एके सकाळी मी मुखरूभाऊंच्या कुंपणावरून अर्धा आत लोंबत होतो, तेव्हा ते लोटा घेऊन बाहेर आले.

“जयभीम, हरिदासभाऊ. काय करून राह्यले जी?”

“शूऽऽ! हलू नका. तुमच्या लाकडावर आहे.”

“काय आहे माह्या लाकडावर?”

“माझं लक्ष आहे,” मी कुजबुजलो. “रोज याच वेळेला असतं. सगळी नोंद आहे माझ्याकडे.”

मुखरूभाऊंच्या हातातला लोटा खाली पडला आणि दयाळ उडाला. मी त्यांच्याकडे रागानं बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, पण ती नजर रागाची नव्हती. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

रोल बारा फोटोंचा. तो एस.टी.च्या कंडक्टरबरोबर चांद्याला धुवायला पाठवायचा, मग आठ दिवस वाट बघायची. (गडचिरोली जिल्हा चांद्यापासून वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती, पण फोटो अजून चांद्यालाच धुतले जात.) पाकीट आलं तेव्हा मी ते कचेरीतच उघडलं. तो कॅमेरा जवळचं आणि लांबचं असा भेदभाव करत नसे. पंधरा पावलांवरचा दयाळ त्यानं तिळाएवढा काढला होता. बाकी सगळं मात्र विलक्षण स्वच्छ. मुखरूभाऊंच्या ढिगातल्या फळ्यांच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात. रुखमाबाईंच्या न्हाणीमागचा पोकळ ओंडका तर असा आला होता, की त्याच्या भोकात बोट घालावंसं वाटावं.

संध्याकाळी मुखरूभाऊ आपण होऊन ओट्यावर आले आणि म्हणाले, “आमाले नाई दाखवत का फोटो?”

मला भरून आलं. घरात बायको बोलत नाही, आणि शेजारी कलेची चौकशी करतो. मी बारा फोटो मांडले.

“हे माहं परस होय ना, भाऊ?”

“हो तर! बघा किती स्पष्ट आलंय.”

“आन मांगं हे काय लिवलं?”

“तारीख, वेळ, ठिकाण, मालकाचं नाव. सगळं पक्कं असलं पाहिजे. पुढं पाठवायचंय ना.”

“कुठी पाठवता?”

“वनखात्यात. बक्षीस आहे.”

हे अगदी खरं होतं. वनमहोत्सवासाठी ‘आपल्या परसातील पक्षी’ अशी फोटोंची स्पर्धा असल्याचं परिपत्रक मी स्वतःच आवक केलं होतं. पण मुखरूभाऊंनी स्पर्धेचं काही विचारलं नाही. ते उठले, पायात माझीच चप्पल घातली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून माझा मान वाढला. मुखरूभाऊंकडून टेंभरांची (तेंदूच्या फळांची) टोपली आली. रुखमाबाईंनी, ज्यांनी आठ वर्षांत मला मिरचीसुद्धा दिली नव्हती, सुकट आणून दिली आणि म्हणाल्या, “खाय बाबू, दुबळा झाला तू. आन पाहाय, मी एकटी बाई होय. माह्या न्हाणीकडे कायले पायतं?” मी म्हणालो, “बाई, तुमच्या न्हाणीत मला रस नाही. तिच्या मागं जे आहे त्यात आहे.” त्या दारातल्या दारात खाली बसल्या.

पानठेल्यावर मी गेलो, की लोक बोलायचे थांबत आणि आभाळाकडे बघत. आता मलाही संशय येऊ लागला. लोक उगाच सुकट देत नाहीत. मी खूप विचार केला आणि कारण शोधून काढलं. यांना माझ्या दयाळाचा मत्सर वाटतोय. माझं लक्ष दुसरीकडे वळवून कोणीतरी त्याचा काटा काढणार. बहुधा बोकीकरवी. मी पहारा वाढवला.

आणि मग आमच्या परसात लाकूड वाढू लागलं.

पहिल्या दिवशी मी कचेरीतून आलो तर मागच्या भिंतीला चार फळ्या टेकवलेल्या. दुसऱ्या दिवशी नऊ. आठवडाभरात छातीएवढा ढीग झाला आणि त्याच्या वर एक पोकळ ओंडका. मी ताबडतोब ओळखलं, की हे सत्यशीलेचं काम. माझ्या नाकावर टिच्चून तिनं परस्पर लाकूड मागवलं, आता दिवाण करून घेणार आणि मला खाली चटईवर ठेवणार. मीही मानी माणूस. एक शब्द विचारला नाही.

मात्र एक गोष्ट चमत्कारिक होती. सत्यशीला खुशीत दिसत होती. त्या ढिगाकडे बघून स्वतःशी हसत होती. एकदा तर तिनं भिंतीऐवजी थेट मला सांगितलं, की जेवण झालं. आणि वाटीत तूप होतं. बायकोनं कारण न सांगता तूप वाढलं, की माणसानं सावध व्हावं. मी सावध होऊन जेवलो.

पण माझा राग फार टिकला नाही, कारण माझ्या दयाळानं आता परगावी (म्हणजे रुखमाबाईंकडे) जाणं सोडून दिलं. तो दिवसभर आमच्याच ढिगावर. पुढं तर त्याची मादी चोचीत काड्या घेऊन त्या ओंडक्याच्या भोकात ये-जा करू लागली. घरटं! माझ्या परसात! मी धीर धरून पाच पावलांपर्यंत सरकलो आणि ढिगाच्या शेंड्यावर शीळ घालणारा नर टिपला. आठ दिवसांनी फोटो आला. या वेळी दयाळ तिळाचा ज्वारीच्या दाण्याएवढा झाला होता.

सात मेला मी तो फोटो स्पर्धेसाठी स्वतः रेंज कचेरीत नेऊन दिला. टपालानं पाठवला असता तर कदाचित हरवला असता आणि आज मी सुखी असतो. पण मी आवक-जावकचा माणूस. दोन प्रतींत अर्ज केला. ‘स्थळ: अर्जदाराचे स्वतःचे परस. अर्जदाराने स्वतः पाहून व खात्री करून काढला असे.’ खाली सही. एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली आणि शीळ घालत घरी आलो.

आठ तारखेला सकाळी आमच्या दारात जीप उभी राहिली. रेंजरसाहेब आणि त्यांच्यामागं नाकेदार (म्हणजे वनरक्षक) इसरू. मला वाटलं, बक्षीस द्यायला घरी येतात. मी सत्यशीलेला (भिंतीमार्फत) चहा ठेवायला सांगितलं.

रेंजरसाहेब कोल्हापूरकडचे, तरुण, इस्त्रीचे. त्यांनी खिशातून माझा फोटो काढला.

“हा तुम्हीच काढला?”

“हो साहेब.”

“सुरेख आलाय. यात पक्षी कुठं आहे?”

“हा काय, इथं वर.”

“हा डाग?”

“डाग नाही साहेब. नर आहे.”

“बरं. आणि त्याच्याखाली हे जे सगळं आलंय, ते काय आहे?”

मी पहिल्यांदा त्या फोटोत दयाळ सोडून बाकीचं बघितलं. खरंच सांगतो, तोवर बघितलंच नव्हतं.  सरकारी नोकर, परसात बिनशिक्क्याचा साग, फोटो त्याचाच, सही त्याचीच, आणि पोच माझ्याच खिशात.

इसरूनं मोजलं. “एकवीस नग, साहेब. हातोडा एकावरही नाई.”

“लाकूड कोणाचं?” साहेबांनी विचारलं.

मी सत्यशीलेकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. अठ्ठावीस दिवसांनी आम्ही एकमेकांशी बोललो, आणि तेही वनखात्यासमोर.

“तुमी नाई आनलं?” ती म्हणाली.

“मी? मला वाटलं तूच आणलंस!”

“म्या कायले आनन? म्या समजली का तुमाले सुचलं येकदाचं. दिवाणासाठी आनून राह्यले चुपचाप.” तिनं हातातली चहाची गाळणी खाली ठेवली. “म्या तं कोरपन्याले चिठ्ठी लिवली बाबाले. गादीसाठी कापूस पिंजाले टाका म्हनून.”

मला तेव्हा जितकं वाईट वाटलं तितकं रेंजरसाहेबांच्या जीपकडे बघूनही वाटलं नव्हतं. पंधरा दिवस ही बाई एका ढिगाकडे बघून हसत होती, आणि तो ढीग माझा नव्हता.

पंच म्हणून मुखरूभाऊ आणि रुखमाबाईंना बोलावलं. दोघंही ढिगाकडे अशी बघत होती, की जणू साग म्हणजे काय हे जन्मात पाहिलं नाही. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या रोलचे बारा फोटो घरातच होते. हीच फळी मुखरूभाऊंच्या परसात, हाच ओंडका न्हाणीमागं. मागं तारीख, वेळ, मालकाचं नाव. मी एका मिनिटात सुटलो असतो. मी पाकीट आणायला वळलोदेखील.

कुंपणापलीकडे रंभा उभी होती. हातात भांडं, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. लग्नाला अठरा दिवस. तिच्या दिवाणाच्या फळ्या माझ्या परसात, आणि ती फळ्यांकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती. मला नऊ वर्षांपूर्वीचा आमचा मांडव आठवला. दिवाणावाचून सासरी आलेली एक बाई माझ्या घरातच होती, आणि तिचं काय झालं ते मला माहीत होतं.

“साहेब,” मी म्हणालो, “लाकूड बेवारस आहे. कोणाचं, मला माहीत नाही.”

“आमाले बी नाई मालूम,” मुखरूभाऊ घाईघाईनं म्हणाले.

साहेबांनी फोटो पुन्हा खिशात घातला. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे उघड होतं. पण त्यांनी ‘अज्ञात आरोपी’ असं लिहिलं आणि इसरूला लाकूड जीपमध्ये भरायला सांगितलं. इथं मी गप्प बसलो असतो तरी प्रकरण मिटलं असतं. पण इसरूनं ओंडक्याला हात लावताच माझ्यातला पक्षिमित्र जागा झाला.

“हात लावू नका! आत घरटं आहे. अंडी आहेत. घरटं मोडणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे!”

रेंजरसाहेब थांबले. ओंडका हलवावा तर पाखराचा कायदा, ढीग सोडावा तर लाकडाचा कायदा. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“अगदी बरोबर बोललात. पिल्लं उडेपर्यंत ढिगाला कोणी हात लावायचा नाही. तोवर माल सुपूर्दनाम्यावर तुमच्या ताब्यात. इथं सही करा. एकवीस नग घेतले, एकवीस परत देणार.”

मी सही केली. (मला त्याचीही एक प्रत मिळाली.)

सत्यशीला दुपारच्या गाडीनं कोरपन्याला गेली. “कापूस परत कराले,” एवढंच म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस मी त्या ढिगाची राखण केली तशी कोणी स्वतःच्या लेकराचीही केली नसेल. अंडी फुटली. चार पिल्लं. माझा संशय आता सगळीकडे धावत होता. बोकीवर होता, पानठेल्यावर बसणाऱ्या गुलेलवाल्यावर होता, एका धामणीवर होता. फक्त माणसांवर नव्हता, कारण माणसं फारच चांगली वागत होती. मी कचेरीतून आलो, की मुखरूभाऊ पुढच्या ओट्यावर हजर.

“भाऊ, ते पाखरू शेपूट काऊन हालवते जी?”

असा प्रश्न आठ वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. मी सुरू होत असे. शेपूट, शीळ, खाणं, घरटं. ते गालाला हात लावून ऐकत. मधेच मागून काही खडबडलं आणि मी उठू लागलो, की ते माझा हात धरत. “बसा ना जी. मांजर असन. रुखमाबाई पाहून राह्यली तिकडं.” आणि खरोखर रुखमाबाई मागं बघत असत. किती प्रेमाची माणसं, असं मला वाटे. मग मी मागं जाऊन कॅमेऱ्याच्या भिंगातून भोकाकडे बघत असे. भोक जागच्या जागी, समोरची फळ्यांची रांग जागच्या जागी. सगळं ठीक.

चोवीस मेच्या सकाळी चौथं पिल्लू उडालं. मी इतका हरखलो, की कॅमेरा विसरून नुसता बघत राहिलो. दुपारी जीप आली. इसरूनं समोरची रांग बाजूला केली. मागं काहीच नव्हतं. म्हणजे भिंत होती.

“तेरा नग, साहेब. ओंडका धरून.”

“आणि बाकीचे आठ?”

मी भिंतीकडे बघितलं. मग कुंपणाकडे. कुंपणाच्या खालच्या दोन कामट्या नव्यानं बांधलेल्या होत्या. पलीकडे मुखरूभाऊंच्या घरातून रंध्याचा आवाज येत होता. लटारू सुतार काम करताना गातो. तो गात होता.

“साहेब,” मी म्हणालो, “दयाळाच्या चार पिल्लांपैकी चारही सुखरूप उडाली.”

“रजिस्टरात एकवीस नग लिहिलेत,” साहेब म्हणाले. “मला एकवीस पाहिजेत. नाहीतर तुमच्यावर केस होईल आणि नोकरी जाईल.”

रजिस्टरापुढं मी कधी बोललेलो नाही. रजिस्टरात आहे ते आहे, हेच मी सतरा वर्षं लोकांना सांगत आलो. मी घरात गेलो, शिडी लावली आणि माळ्यावरून एक-एक करून आठ फळ्या खाली काढल्या. पावतीच्या, शिक्क्याच्या, सहा वर्षं धूळ खाल्लेल्या. संबंध कोसमघाटातलं एकमेव कायदेशीर लाकूड वनखात्यानं जप्त केलं.

“ह्याच्यावर तं आपलाच हातोडा आहे, साहेब,” इसरू म्हणाला.

“मोज,” साहेब म्हणाले. “आठ आहेत ना? झालं.”

जीप वळणावरून जात होती तेव्हाच कोरपन्याकडून येणाऱ्या एस.टी.तून सत्यशीला उतरली. कंडक्टर टपावरून एक मोठी गुंडाळी खाली देत होता. कापूस परत करायला गेलेली बाई गादी घेऊन आली होती. तिनं जीपमधल्या फळ्या बघितल्या. ओळखल्या. गादी डोक्यावर घेऊन घरात आली आणि चटईशेजारी ठेवली.

“बाबा म्हने, राहू दे, गादी झाली तं दिवाण बी होईन,” ती म्हणाली. मी सगळं सांगितलं. बारा फोटोंचंही. तिनं ते फोटो मागितले, एक-एक करून बघितले, आणि चुलीत घातले. मग म्हणाली, “त्या येळेस नाव नाई सांगतलं, हे बराबर केलं तुमी.” नऊ वर्षांत माझं काही बरोबर झाल्याची ही पहिलीच पोच.

रविवारी रंभाचं लग्न झालं. मांडवाच्या मधोमध, चादर न घालता, सर्वांना दिसावा असा नवा कोरा दिवाण. मी जवळ गेलो. उशाकडच्या फळीवरची गाठ मला पाठ होती. मुखरूभाऊंच्या परसात दयाळाखाली ती मी भिंगातून रोज बघितली होती. मुखरूभाऊंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“भाऊ, तुमी होते म्हनून हा दिवाण झाला.”

“पण तुम्ही लाकूड माझ्याकडेच का ठेवलं होतं?”

“आमाले वाटलं तुमी खबऱ्या होय वनखात्याचे,” ते लाजत म्हणाले. “आता खबऱ्याच्या घरी कोन झडती घेईन जी?”

सत्यशीला दिवाणावर बसली. हातानं दाबून बघितला. मग उठून घरी गेली आणि ती गादी घेऊन आली. “हे घे रंभा. आमच्या जमिनीवर टाकून वाया जाईन. तुह्या दिवाणाले बराबर येते.” आणि खरंच, इंचभरही कमी-जास्त झाली नाही. मी तोंड फिरवलं. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

“भाऊ,” मुखरूभाऊ म्हणाले, “आता येक फोटो काढा. गावात कॅमेरा तं तुमचाच येक.”

रंभा आणि तिचा नवरा दिवाणावर बसले. नवरदेव काळा कोट आणि पांढऱ्या विजारीत, छाती पुढे. मी मन लावून, पंधरा पावलं मागं जाऊन फोटो काढला.

आठ दिवसांनी तो चांद्याहून आला. दिवाण विलक्षण स्वच्छ. गाठ, रेषा, खिळे, गादीची शिवणसुद्धा. सत्यशीलेनं मुखरूभाऊंना तो देऊच दिला नाही. आमच्या घरी जिथं दिवाण ठेवायचा होता त्या भिंतीवर खिळा ठोकून तिनं तो लावला. पाहुणे आले, की चटईवर बसवून वर बोट दाखवते, “तो आमचा दिवाण.”

रंभाच्या सासरची माणसं तो आमच्या भिंतीवर बघून गेली, तेव्हापासून मात्र दोनदा विचारणा झाली, की फोटोत नवरदेव कुठे आहे. गादीच्या कडेला एक काळापांढरा ठिपका आहे. सत्यशीला म्हणते, तोच नवरदेव. मला अजूनही संशय आहे, की तो दयाळ असावा.